पत्र्याच्या घरातली इन्सुलिनची बाटली

एप्रिल-मे महिन्यात पुण्याचा पारा चाळीसच्या आसपास जातो आणि आपली पत्र्याची घरे दुपारी भट्टीसारखी तापतात. अशाच एका उन्हाळ्यात वस्तीतल्या एका मावशींची साखर रोज इंजेक्शन घेऊनही उतरेना. डोस वाढला, पथ्य कडक झाले, तरी आकडा तोच. आम्ही घरी गेलो, तर बाटली पत्र्याखालच्या फळीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी ठेवलेली. मावशींनी ती जपली होती, पण ती तापत होती.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, त्यांनाही इन्सुलिन घ्यावे लागे. हे औषध उष्णतेने का बिघडते, ते समजून घेऊ.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे मण्यांच्या माळेसारखी साखळी. इन्सुलिनमध्ये असे ५१ मणी आहेत. ही माळ ठरलेल्या घडीत बसलेली असते आणि त्या घडीमुळेच ती काम करते. किल्ली वाकली तर लोखंड तेच राहते, पण कुलूप उघडत नाही. तसेच हे.

घडी मोडते कशाने? पहिले कारण उष्णता. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंशांला घट्ट होऊ लागतो. उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात, म्हणून उकडलेले अंडे थंड केले तरी पुन्हा कच्चे होत नाही. दुसरे कारण रसायने: आम्ल, स्पिरिट, युरिया. दोन्ही एकत्र आली की काम लवकर होते. ताजे दूध उकळले तरी टिकते, पण किंचित आंबलेले दूध तापवताच नासते.

याच गुणाचा आपल्याला फायदाही होतो. स्पिरिट जंतूंची प्रथिने मोडते, म्हणून जंतू मरतात. त्यासाठी ७० टक्क्यांचे, म्हणजे पाणी मिसळलेले स्पिरिट शुद्ध स्पिरिटपेक्षा चांगले, कारण पाण्यामुळे ते आतपर्यंत पोहोचते. इन्सुलिन तोंडाने का घेत नाहीत, याचे उत्तरही इथेच आहे. पोटातले आम्ल आणि पाचकरस ते मोडून टाकतात.

इन्सुलिन अंड्यासारखे एका क्षणात घट्ट होत नाही. चाळीस अंशांत ते दिवसेंदिवस हळूहळू कमजोर होते आणि बाटलीकडे पाहून ते नेहमी कळतेच असे नाही. गोठले तरी ते बिघडते. खरा धोका पुढे आहे: कमजोर औषधावर डोस वाढवला आणि नंतर नवी, ताजी बाटली उघडली, तर साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

म्हणून एवढे करा:

• न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवा. बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. एकदा गोठलेली बाटली टाकून द्या.
• उघडल्यावर झाकणावर तारीख लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यानंतर सुमारे चार आठवडेच वापरायच्या असतात. आपल्या खोक्यातला कागद वाचा किंवा शिकलेल्या मुलांकडून वाचून घ्या.
• फ्रीज नसेल तर मोठ्या मातीच्या कुंडीत ओली वाळू भरा, मधे लहान मडके बसवा, त्यात बाटली कोरड्या डब्यात ठेवा, वरून ओले फडके टाका. सावलीत ठेवा, वाळू ओली राखा. कोरड्या उन्हाळ्यात हे चांगले चालते, पावसाळ्यात कमी.
• त्वचेवर स्पिरिट लावले तर ते वाळू द्या, मगच सुई टोचा.
• नितळ इन्सुलिन गढूळ झाले, किंवा दुधाळ इन्सुलिन हलक्या हाताने फिरवूनही गाठी राहिल्या, तर वापरू नका.
• साखर उतरत नसेल तर डॉक्टरांना आधी सांगा की बाटली कुठे ठेवली होती. डोस आपल्या मनाने बदलू नका, इंजेक्शन बंदही करू नका.

मावशींनी डॉक्टरांना सगळे सांगितले, डोस नव्याने ठरवून घेतला. आता त्यांची बाटली शेजारच्या ताईंच्या फ्रीजमध्ये असते. येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर एकमेकांना एवढे विचारू या: तुमच्या घरी इन्सुलिन कुठे ठेवता? ज्यांच्याकडे फ्रीज आहे, त्यांनी त्यातला एक कोपरा शेजाऱ्यासाठी मोकळा ठेवावा. मैत्री आणि करुणा अशीच रोजच्या जगण्यात उतरते.