हलक्या गाडीचे जड दुखणे

इटलीतील मोदेना शहरातल्या मासेराटी कंपनीने १९५७ साली '३५०० जीटी' ही मोटार लोकांसमोर आणली. जीटी म्हणजे 'ग्रान तुरिस्मो', लांबच्या प्रवासासाठी बांधलेली वेगवान आणि आरामशीर गाडी. तिचे उत्पादन १९६४ पर्यंत चालले. आज अशी एखादी गाडी दुरुस्तीला येते तेव्हा इंजिन बहुधा सुरू होते. पण दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली मसुराएवढे फोड आलेले असतात. एक फोड नखाने उचकटला की आतून पांढरी भुकटी पडते. लोखंडाचा गंज तांबूस असतो हे आपल्याला ठाऊक आहे. मग ही पांढरी भुकटी कसली?

हे समजण्यासाठी आधी गाडीची अंगकाठी पाहू. या गाडीच्या बहुसंख्य बंद टपाच्या आवृत्तीचे शरीर मिलान शहरातील तूरिंग या कारखान्यात तयार होई. तूरिंगने १९३६ च्या सुमारास 'सुपरलेज्जेरा', म्हणजे 'अतिहलकी', ही पद्धत काढली. बारीक पोलादी नळ्या वाकवून, जोडून गाडीच्या आकाराचा पिंजरा करायचा आणि त्यावर हाताने ठोकून घडवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवायचा. पोलादाची घनता ७.८ आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणजे तेवढ्याच आकारमानाचा पत्रा सुमारे एक तृतीयांश वजनाचा. मात्र अ‍ॅल्युमिनियमचा ताठरपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच असतो. म्हणून भार पोलादाने पेलायचा आणि आकार अ‍ॅल्युमिनियमने द्यायचा, अशी ही वाटणी. अभियंत्याच्या दृष्टीने ती उत्तम होती. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो एक विद्युतघटच होता!

दोन धातू, दोन वाटा

धातूंची क्रियाशीलता श्रेणी आपण शाळेत शिकवतो. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या वर आहे. प्रमाण विद्युतविभव अनुक्रमे उणे १.६६ आणि उणे ०.४४ व्होल्ट. दोन्ही धातू एकमेकांना चिकटवून खारट पाण्यात ठेवले तर अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन देऊन विरघळू लागते. लोखंडाच्या पृष्ठभागावर पाण्यातला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. त्यांच्याशी अ‍ॅल्युमिनियमचे आयन जुळून जे पांढरे संयुग बनते, तीच आपली भुकटी.

श्रेणीनुसार या घटाचा दाब सव्वा व्होल्ट हवा. प्रत्यक्षात मिठाच्या पाण्यात मोजला तर तो एका व्होल्टच्या काही दशांशांएवढाच भरतो. कारण अ‍ॅल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो. काही नॅनोमीटर जाडीचा हा थर चिलखताचे काम करतो. या चिलखताचा शत्रू म्हणजे क्लोराइड आयन. युरोपात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. ते चाकांबरोबर उडून दाराच्या, मडगार्डांच्या सांदीत जाऊन बसते. कोकण किनारपट्टीवरच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांना याचा अनुभव वेगळा सांगायला नको.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पिंजरा आणि पत्रा थेट भिडू नयेत म्हणून कारागीर त्यांच्यामध्ये नमदा किंवा कापड घालत. तरीही क्षरण का झाले?

घट चालू राहायला दोन वाटा लागतात. एक इलेक्ट्रॉनांची, जी धातूतून जाते, आणि दुसरी आयनांची, जी पाण्यातून जाते. यांपैकी एक जरी तुटली तरी घट बंद पडतो. कापडाने पहिली वाट तुटते खरी, पण ती सगळीकडे तुटायला हवी. कुठे एक स्क्रू आरपार गेला, कुठे दुमडलेल्या कडेला कापड झिजले, की दोन्ही धातू जोडले गेले. दुसरी वाट तर कापडाने उलट सोपी केली. ते पाणी शोषून घेते आणि अनेक दिवस धरून ठेवते. रक्षक म्हणून ठेवलेला चोराला मिळाला, तसेच हे झाले.

आता कोणी चतुर विद्यार्थी विचारील, "सर, अ‍ॅल्युमिनियम झिजते तर लोखंड वाचायला हवे. मग नळ्या कशा गंजतात?" प्रश्न रास्त आहे. हे संरक्षण दोन्ही धातू एकाच ओलाव्यात असतील तेवढ्याच जागी मिळते. नळीच्या पोटात साचलेल्या पाण्यापर्यंत ते पोहोचत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा दोन-तीन पट किंवा अधिक जागा व्यापतो. नळी फुगते आणि पत्र्याला आतून रेटते. त्यामुळे रंग तडकतो आणि पाण्याला नवे दार उघडते.

दुरुस्तीतील विज्ञान

पहिले काम जुना रंग काढणे. कॉस्टिक सोडा येथे चालत नाही, कारण त्यात अ‍ॅल्युमिनियम विरघळते आणि हायड्रोजन वायू सुटतो. वाळूचा जोरदार मारा केला तर पातळ पत्रा ताणला जाऊन लाटांसारखा होतो. म्हणून सौम्य रंगकाढू रसायन आणि भरपूर धीर, हाच मार्ग उरतो.

मग सडलेला भाग कापून नवा तुकडा घडवायचा. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी भांडी मठारताना पाहिली असतील त्यांना माहीत आहे, की ठोके बसत जातात तसा पत्रा ताठ होतो. धातूच्या स्फटिकांतील दोष वाढत जाऊन एकमेकांत अडकतात, म्हणून असे होते. पुढे ठोकत राहिले तर पत्रा चिरतो. म्हणून मध्ये तापवून तो मऊ करावा लागतो. तांबे तापले की लाल होते आणि अंदाज येतो. अ‍ॅल्युमिनियम मात्र ६६० अंश सेल्सिअसला रंग न बदलता एकदम वितळते. यावर जुन्या कारागिरांची युक्ती अशी, की पत्र्यावर कपडे धुण्याचा साबण घासायचा आणि मग ज्योत फिरवायची. साबण काळपट पडला की पुरे! साबण येथे तापमापकाचे काम करतो.

जोडकाम आणखी नाजूक असते. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्यावरचे ऑक्साइड सुमारे २०५० अंशांपर्यंत टिकते. त्यामुळे आतला धातू पातळ झाला तरी वरची साय फुटत नाही. गॅस वेल्डिंगमध्ये ही साय विरघळवणारी रासायनिक भुकटी वापरतात. पण तिच्यात क्लोराइडे असतात. काम झाल्यावर ती नीट धुतली नाही, तर दुरुस्तीच पुढच्या क्षरणाचे बीज ठरते.

शेवटी नळ्या स्वच्छ करून त्यांवर इपॉक्सी रंग आणि मध्ये पाणी न शोषणारी पट्टी. म्हणजे आता दोन्ही वाटा बंद.

वर्गात करून पाहा

चार पेल्यांत मिठाचे पाणी घ्या. पहिल्यात नुसता लोखंडी खिळा. दुसऱ्यात खिळ्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खाची पट्टी घट्ट गुंडाळून. तिसऱ्यात खिळ्यावर कापड आणि त्यावर पट्टी, पण पट्टी खिळ्याला कुठेही टेकू द्यायची नाही. चौथ्यात तसेच, मात्र पट्टीचे टोक पाण्याच्या वर खिळ्याच्या डोक्याला पिळून. आठवडाभर रोज नोंदी करा. तिसऱ्या आणि चौथ्या पेल्यात फरक पडतो का, आणि कोणत्या धातूवर, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

किती बदलायचे?

एक प्रश्न मात्र प्रयोगशाळेत सुटत नाही. सगळा जुना पत्रा टाकून नवा बसवणे अनेकदा सोपे असते, आणि गाडीही झकास दिसते. पण हाताने घडवलेल्या या गाड्यांच्या डाव्या-उजव्या बाजूसुद्धा तंतोतंत सारख्या नसतात. जुन्या पत्र्याच्या आतल्या बाजूला हातोडीच्या खुणा असतात, जोडाच्या रेघा असतात. तो कारागिरांचा हस्तलिखित दस्तऐवजच आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये स्वीकारलेल्या तूरिन सनदेचा भर म्हणूनच शक्य तितके मूळ साहित्य राखण्यावर आणि नवे भाग ओळखता येतील असे ठेवण्यावर आहे.

नवा पत्रा पुन्हा मिळतो. जुन्यावरची माहिती एकदा भंगारात गेली की गेली. आपल्या शाळेच्या कपाटातील जुना तराजू किंवा सूक्ष्मदर्शक घासूनपुसून 'नवा' करण्यापूर्वी आपणही एवढा विचार करायला हरकत नाही.