घाबरलेल्या अंगाचा नट

न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं १९८९ साली. त्याच्या आदल्याच वर्षी ‘अशी ही बनवाबनवी’ आला. उरण पट्ट्यातल्या आमच्या पिढीला या दोन गोष्टी जोडीनंच आठवतात. जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली होती, शेतं-मिठागरं भरावाखाली चालली होती. तरी पूजेच्या रात्री ओटीवर भाड्याचा व्हीसीआर लागायचाच, आणि म्हाताऱ्या पुढे सरकून बसायच्या: ‘आला रं आपला लक्ष्या!’

लक्ष्मीकांत बेर्डे मूळचे मुंबईचे, जन्म १९५४ चा. गिरगावच्या साहित्य संघात नोकरी आणि नाटकांत बारीकसारीक कामं करता करता पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टुरटुर’नं त्यांना नाव दिलं. पुढे ‘धूमधडाका’ (१९८५), ‘दे दणादण’ (१९८७), आणि मग थांबणं नाहीच.

भगवानदादांचं अंग तालात हलायचं. दादा कोंडक्यांची लोंबती नाडी हसवायची खरी, पण दादांचा खरा दारूगोळा शब्दांत. लक्ष्याचं अंग मात्र घाबरलेलं. तोंड थाप मारतंय आणि पाय आधीच पळायला लागलेत, हा त्याचा खास हिशेब. ‘दे दणादण’मध्ये अचाट ताकद मिळालेला हा हवालदार लाल रंग दिसताच पार गळून जातो. ‘बनवाबनवी’त त्याची पार्वती होते, खोट्या पोटाचं साग्रसंगीत डोहाळजेवण होतं. तिथे त्याचा चेहरा बघा: लाजतोय बाईसारखा, डोळे मात्र दार कुठाय ते शोधताहेत. ‘झपाटलेला’त (१९९३) समोर नटच नाही, रामदास पाध्यांचा बाहुला आहे. तात्या विंचूला पोरं रात्र रात्र घाबरली त्यात पाध्यांचा हात आहेच; पण निम्मं श्रेय बाहुल्याकडे बघणाऱ्या लक्ष्याच्या थिजलेल्या मानेला द्यायला हवं.

नंतर तेच ओरडणं, तेच दचकणं वारेमाप वापरलं गेलं. बरेच सिनेमे आज बघवत नाहीत, हेही सांगायलाच हवं. जब्बार पटेलांचा, पु. लं.नी लिहिलेला ‘एक होता विदूषक’ (१९९२) हा अपवाद. त्यातला आबुराव थांबतो, गप्प राहतो. प्रेक्षकांना तो गप्प लक्ष्या पचला नाही. हिंदीनं तर त्याला घरगडी करून टाकलं. ‘हम आपके हैं कौन’मधला लल्लू गोड आहे, पण अंगाला जागाच नाही. १६ डिसेंबर २००४ ला तो गेला, वय अवघं पन्नास.

परवा बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग तुंबली होती. चहाच्या टपरीवर गावातला एक पोऱ्या मोबाईलवर ‘बनवाबनवी’ बघत होता. बिहारचा एक ड्रायव्हर त्याच्या खांद्यावरून डोकावला.

‘ये वो हम आपके हैं कौन का नौकर है ना?’

पोऱ्यानं फोन त्याच्याकडे वळवला. ‘रुक जा. अभी साडी में आयेगा.’