मत्तयाची वंशावळ कशी ऐकावी

सुगी आटोपली की कोल्हापूर भागातल्या गावांत हेळवी येतो आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतो. ऐकणारा कंटाळत नाही, कारण त्या नावांच्या शेवटी त्याचे स्वतःचे नाव असते. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाची सुरुवात तशीच ऐकायची असते. दरवर्षी 17 डिसेंबरला कॅथोलिक मिस्सेत हीच वंशावळ वाचतात. रोममध्ये, तशीच कोल्हापूर जिल्हा ज्यात येतो त्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतातही.

आधी मांडणी पाहा. अब्राहाम ते दावीद, दावीद ते बाबेलचा बंदिवास, बंदिवास ते ख्रिस्त. मत्तय प्रत्येक टप्प्यात चौदा पिढ्या सांगतो. जुन्या कराराशी ताडले तर योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे गाळलेले दिसतात. हिब्रूत अक्षरे अंक म्हणूनही वापरत, आणि दावीद नावाची बेरीज चौदा होते. तेव्हा इथे दप्तरी नोंद शोधू नये. दावीदापर्यंत चढ, बंदिवासापर्यंत उतार आणि तिथूनही न तुटलेले देवाचे वचन, असा हा इतिहास आहे.

खरी श्रीमंती पुढे आहे. पुरुषांच्या या यादीत मरियेच्या आधी चार स्त्रिया येतात. सासरा यहुदा हक्क देईना, म्हणून विधवा तामारेने वेश्येच्या वेषात त्यालाच गाठून वंश चालवला. राहाब ही यरीहोची वेश्या. तिने इस्राएलचे हेर लपवले. रूथ परकी, मवाबी. सासूची साथ न सोडता ती बेथलेहेमला आली. चौथीला मत्तय ‘उरियाची पत्नी’ एवढेच म्हणतो, आणि उरियाचा घात करवणाऱ्या दावीदाचे पाप थेट त्याच्या नावाशेजारी येते. संत जेरोमने या स्त्रियांकडे पापी म्हणून पाहिले: ख्रिस्त पाप्यांसाठी आला, म्हणून त्या इथे आहेत. मला हे अपुरे वाटते. रूथच्या कथेत पाप कुठे आहे? आणि तामार आपल्यापेक्षा नीतिमान, हे तर यहुदाच कबूल करतो. लोकांनी नावे ठेवावीत अशाच वाटांनी देवाने आपले वचन पुढे नेले, आणि मरियेची वाटही तशीच होती.

तिच्यापाशी यादीची लय मोडते. अमक्याला तमका झाला, असे म्हणत आलेला मत्तय योसेफाला येशू झाला असे म्हणत नाही. योसेफ मरियेचा पती, आणि तिच्यापासून येशू जन्मला, असे लिहितो. ख्रिस्तसभेची कुमारी मातेवरील श्रद्धा या एका वाक्यात आहे. तरीही योसेफ बाळाचे नाव ठेवतो, त्याला आपले म्हणतो, आणि येशू दावीदाच्या घराण्याचा होतो. रक्ताचे नाते नसताना घर देणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे मनापासून ऐकावे.

संत लूक उलट दिशेने जातो. येशूपासून मागे मागे जात तो आदामापर्यंत, आणि तिथून देवापर्यंत पोहोचतो. त्या वंशात कोल्हापूरचे कुठलेही घराणे बसते.

येत्या 17 डिसेंबरआधी तामारेची कथा सांगणारा उत्पत्तीचा 38 वा अध्याय आणि रूथचे चार छोटे अध्याय घरी मोठ्याने वाचा. 24 तारखेच्या सायंकाळच्या मिस्सेत वंशावळ गाळून छोटे वाचन करण्याची मुभा आहे. आपल्या धर्मगुरूंना ती पूर्ण वाचायची विनंती जरूर करा.