धर्माची निंदा आणि माणसाचा जीव

1999 पासून पाकिस्तान इस्लामी देशांच्या संघटनेच्या वतीने संयुक्त राष्ट्रांत दरवर्षी ‘धर्माच्या बदनामी’विरुद्ध ठराव मांडत असे. पाश्चात्त्य देशांचा त्याला ठाम विरोध होता. मानवी हक्क माणसाला असतात, धर्ममताला नव्हेत, हा त्यांचा मुद्दा; आणि तो बिनतोड होता. ईशनिंदेचे कायदे अल्पसंख्याकांवरच उलटतात, हा पाकिस्तानातला अनुभव तर समोरच होता. ठरावाची मते घटत गेली.

मार्च 2011 मध्ये मानवी हक्क परिषदेत ठराव 16/18 मतदानाविना संमत झाला. त्यात ‘बदनामी’ हा शब्दच नव्हता. धर्मावरून तात्काळ हिंसेची चिथावणी देणे तेवढे गुन्हा ठरवावे. बाकी भेदभाव, पूर्वग्रह यांना शिक्षण, संवाद आणि प्रत्युत्तरादाखल भाषणाने तोंड द्यावे, असा त्याचा रोख होता. अंमलबजावणीच्या चर्चेसाठी त्याच वर्षी ‘इस्तंबूल प्रक्रिया’ सुरू झाली.

पण चिथावणी ओळखायची कशी? संयुक्त राष्ट्रांच्या 2012 च्या रबात कृती आराखड्याने सहा कसोट्या दिल्या: परिस्थिती, वक्त्याचे स्थान, हेतू, मजकूर व त्याचे स्वरूप, प्रसार आणि प्रत्यक्ष अपाय होण्याची शक्यता. तणावाच्या दिवसांत बड्या नेत्याने सभेत काढलेले उद्गार आणि चहाच्या टपरीवरची शेरेबाजी यांना एकच माप लागत नाही.

ठराव 16/18 मागची सहमती मात्र तकलादूच निघाली. स्वीडनमधील कुराणदहनानंतर जुलै 2023 मध्ये परिषदेत पुन्हा मतदान झाले. अशा दहनाचा निषेध करणारा ठराव 28 विरुद्ध 12 मतांनी संमत झाला, सात देश तटस्थ राहिले. भारताचे मत ठरावाच्या बाजूने पडले.