एक ओरखडाही नको

जुईनगरला राहणाऱ्या माणसाच्या एका कानाला लोकल असते आणि दुसऱ्या कानाला शीव-पनवेल महामार्ग. पहाटे फिरायला निघालो, की महामार्गालगत एखादे लांबलचक धूड उभे दिसते. चारी बाजूंनी पत्रा आणि मागे दार. आपण त्याला कंटेनर म्हणतो. त्या धंद्यातली माणसे ‘कार कॅरियर’ किंवा नुसते ‘ट्रेलर’ म्हणतात. त्याच्या पोटात नव्याकोऱ्या मोटारी असतात. चाकणच्या कारखान्यांतून निघायचे, बोरघाट उतरायचा आणि कळंबोलीवरून या रस्त्याने मुंबईकडे यायचे. काही मोटारी शोरूमला जातात, काही मुंबई बंदरातून जहाजात चढतात.

मी कविता लिहिणारा माणूस. स्कूटरच्या पलीकडे मला काही चालवता येत नाही. पण चहाच्या टपरीवर अशाच एका ट्रेलरच्या चालकाशी ओळख झाली. बीड जिल्ह्यातला, चाळिशीचा. मला ‘चाचा’ म्हणतो. एकदा मी सहज बोलून गेलो, “तुमचं बरं आहे. बसून गाडी चालवायची. हमालासारखं ओझं तर उचलायचं नाही.” तो हसला. म्हणाला, “चाचा, एकदा आत येऊन बघा.” मी आत जाऊन बघितले, म्हणून आज हे सांगतो आहे.

आपल्याकडे मोटारी वाहणारा ट्रेलर कायद्याने जास्तीत जास्त 18.75 मीटर लांब असू शकतो. म्हणजे लोकलच्या डब्यापेक्षा थोडासाच आखूड. आत दोन मजले. मोटारी लहान असतील तर साधारण आठ मावतात, मोठ्या असतील तर पाच-सहा. वरचा मजला आधी भरायचा, मग खालचा. उतरवताना उलट. जी मोटार शेवटी उतरवायची ती सर्वांत आधी चढवायची, हे गणित निघण्यापूर्वी डोक्यात पक्के हवे. ते चुकले, तर भर रस्त्यात चार मोटारी खाली काढून पाचवीला वाट करून द्यावी लागते.

मोटार चढवायची म्हणजे दोन अरुंद पट्ट्यांवरून चाके न्यायची. आरसे मिटलेले, दोन्ही बाजूंना पत्रा वीतभर अंतरावर. मोटार जागेवर लागली, की दार पुरते उघडत नाही. मग चालक खिडकीतून अंग बाहेर काढतो. आधी डोके आणि खांदे, मग हाताने वरचा दांडा धरून कंबर, शेवटी पाय. हे करताना पट्ट्याचे बक्कल, मनगटावरचे घड्याळ, बोटातली अंगठी, पँटचे धातूचे बटण, काहीही रंगाला लागता कामा नये. म्हणून हा गडी कामाला लागण्यापूर्वी अंगठीसुद्धा काढून ठेवतो. मे महिन्यात तो पत्रा तव्यासारखा तापतो. आत वारा नाही. घामाचा थेंबही नव्या सीटवर पडू द्यायचा नाही.

मग बांधाबांध. चाकांपुढे-मागे ठोकळे लावायचे आणि चाकांवरून पट्टे आवळायचे. मी विचारले, “पट्टा चाकालाच का? मोटारीच्या अंगाला का नाही?” तो म्हणाला, “अंग बांधलं तर खड्ड्यात पट्ट्याला हिसका बसतो. चाक बांधलं की वरची गाडी आपल्या स्प्रिंगवर डुलत राहते.” किती साधी आणि शहाणपणाची गोष्ट! पण हे सगळे वाकून, गुडघ्यांवर बसून, मोटारीखाली हात घालून करायचे. एका मोटारीला चार चाके, आठ मोटारींना बत्तीस. प्रत्येक पट्टा खटक्याच्या दांड्याने ताणायचा. थोडे अंतर गेल्यावर थांबून पुन्हा तपासायचा, कारण हादऱ्यांनी पट्टे सैल पडतात. त्याचा उजवा खांदा रात्री दुखतो, त्याचे कारण स्टिअरिंग नाही, हे पट्टे आहेत.

वर चढण्या-उतरण्याचाही नियम आहे. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार नेहमी पक्के हवेत. उडी मारायची नाही. “घाईत उडी मारली की गुडघा जातो,” तो म्हणाला, “आणि गुडघा गेला की धंदा गेला.”

आता रस्ता. लांब ट्रेलर वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतल्या बाजूने कापत येतात. म्हणून चालक आधी बाहेर जातो आणि मग वळतो. आपण दुचाकीवाले नेमके त्या रिकाम्या दिसणाऱ्या आतल्या जागेत घुसतो. कृपा करून तिथे शिरू नका. उंचीचा प्रश्न वेगळाच. झाडाच्या फांद्या, लोंबणाऱ्या केबली, जुने पूल. वाशीच्या खाडीपुलावर जोराचा वारा आडवा आला, तर पत्र्याच्या उंच भिंतीला तो शिडासारखा ढकलतो.

आणि घाट. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत पाचशेहून अधिक मीटर खाली यायचे. जुन्या चालकांचा नियम असा, की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. डिझेल वाचवायला न्यूट्रल केले, तर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. आपण पेपरात ‘ब्रेक निकामी’ असे वाचतो, तेव्हा पुष्कळदा त्यामागे हीच गोष्ट असते.

एवढे करून मुक्कामाला पोचल्यावर काय होते? एक माणूस कागद घेऊन येतो आणि उजेडात प्रत्येक मोटार चारी बाजूंनी बघतो. दार, बंपर, छत, काच. एक ओरखडा सापडला, की त्याची नोंद होते. माझ्या या मित्राच्या पगारातून एकदा असे पैसे कापले गेले. ओरखडा त्याच्या हातून पडला की आधीचाच होता, हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नव्हते. तेव्हापासून मोटार ताब्यात घेतानाच तो मोबाइलवर तिचे सगळे बाजूंनी फोटो काढतो. हीसुद्धा या धंद्यातली एक विद्याच.

कायदे नाहीत असे नाही. 1961 सालीच मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असे त्यात लिहिले होते. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहितांनी त्याची जागा घेतली. आठ तासांची मर्यादा त्यांतही आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हेही चांगलेच झाले. पण पट्टे आवळायचे ते पत्र्याच्या पोटात, केबिनमध्ये नव्हे. आणि आठ तास मोजायचे कोणी?

परवा तो महामार्गापलीकडे शिरवण्याच्या बाजूला मोटारी उतरवून टपरीवर आला. मी विचारले, “कसं झालं?” तो म्हणाला, “सगळ्या गाड्या ओके, चाचा.” चहाचा ग्लास त्याने डाव्या हातात धरला होता. उजवा खांदा वर होत नव्हता. मोटारींच्या कागदावर मात्र त्या खांद्यासाठी रकाना नव्हता. निदान आपण, तो ट्रेलर पुढे असताना, मागून हॉर्न वाजवण्याआधी एवढे आठवूया.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)