गप्प बसलेला 'के'

मागच्या आठवड्यात 'एस-एन'ने सुरू होणारे शब्द घेतले आणि स्निफ, स्नीझ, स्नोअर, स्नाउट करत आपण नाकाभोवतीच फिरत राहिलो. आज 'के-एन'. पण इथे सुरुवातीलाच पंचाईत आहे. देवनागरीत आपण बोलतो तसं लिहितो, त्यामुळे नाइफ, नी, नॉट, नॉक असं छापलं की आजचा नायक पानावर दिसतच नाही. तेव्हा या लेखात 'न'ने सुरू होणारा जो इंग्रजी शब्द येईल, त्याच्या आधी एक 'के' उभा आहे असं धरून चालावं. अपवाद असेल तिथे सांगेन.

शाळेत स्पेलिंगं पाठ करायची आमची एक युक्ती होती. सगळी अक्षरं उच्चारून टाकायची. 'क्नाइफ', 'क्नी', 'क्नॉक'. बाई म्हणायच्या, "लिहिताना म्हणा, बोलताना गिळा." आम्ही गिळायला शिकलो. पुष्कळ वर्षांनी कळलं की सहाशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये आमचा वर्ग अगदीच चुकीचा ठरला नसता. 1400 साली वारलेला कवी चॉसर सुरीला 'क्नीफ' म्हणत असे, 'क'सकट. नाइट, म्हणजे सरदार, या शब्दाचं स्पेलिंग आज मुलांना छळतं. त्यातला 'जी-एच'सुद्धा तेव्हा घशातून 'ख'सारखा निघायचा. 'क्निख्त'. एकही अक्षर फुकट नव्हतं.

मग 'क' गेला कुठे? जिभेने आळस केला. 'क'ला जिभेची मागची बाजू वर जाते, 'न'ला टोक पुढे दातांमागे टेकतं. शब्दाच्या तोंडाशीच ही कसरत इंग्रजांना नकोशी झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो उच्चारातून जवळजवळ पुसला गेला. पण कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला 1476 मध्ये. खिळे जुळवणाऱ्यांच्या हातात स्पेलिंगं बसून गेली, आणि त्यानंतर आवाज बदलला. घर पाडलं, पाटी तशीच राहिली.

शेजारच्या भाषांनी मात्र हा 'क' सोडलेला नाही. जर्मन माणूस गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतो, डच माणूसही. फ्रेंचांना ही जोडी झेपेना, तर त्यांनी सुरीचा 'क' न टाकता मधे एक स्वर घातला आणि 'कानिफ' केलं, अर्थ खिशातला चाकू. आपल्याकडे स्कूलचं 'इस्कूल' होतं तीच तऱ्हा, फक्त स्वर आत घुसला. इंग्लंडवर 1016 ते 1035 राज्य करणारा डेन राजा क्नूट याचंही इंग्रजांनी 'कॅन्यूट' करून टाकलं. त्याच्या नावाचा अर्थ 'गाठ'. म्हणजे नॉट या शब्दाचा तो नातलगच.

आता या शब्दांच्या अर्थांकडे बघू. नी म्हणजे गुडघा, नकल म्हणजे बोटाचं पेर वळतं तिथला उंचवटा, नॉब म्हणजे दाराची गोल मूठ, नॉट म्हणजे गाठ, नोल म्हणजे टेकाड. कणीक मळण्याचा नीड यातलाच, कारण मळून शेवटी गोळाच होतो. (गरजेचा नीड वेगळा, त्याच्यामागे 'के' नाही.) सगळीकडे काहीतरी गोल, गच्च, वर आलेलं. हा योगायोग की मुळातलं नातं यावर वाद घालता येईल, पण हात फिरवला की जाणवतं. मराठीत हेच काम 'ग' करतो: गाठ, गोळा, गड्डा, गठ्ठा, गाठोडं आणि गुडघाही. विणण्याचा निट मुळात गाठ मारण्याचाच. भुवया आवळल्या तरी इंग्रज त्या 'निट' करतो, आपण कपाळाला आठ्या घालतो.

नॉटमध्ये एक व्यवहारातली चूक दडलेली आहे. चक्रीवादळाच्या बातम्यांत 'ताशी साठ नॉट' असं हमखास वाचायला मिळतं. पूर्वी खलाशी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी, टोकाला लाकडाचा तुकडा बांधून, गलबताच्या मागे सोडत. वाळूचं छोटं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या, तितका वेग. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. 'ताशी' त्या शब्दात आधीच आहे. 'साठ नॉट' म्हणावं आणि थांबावं.

सगळ्यात मजेची जोडी नाइट आणि नेव्ह यांची. एक सरदार, दुसरा लबाड. जुन्या इंग्रजीत मात्र दोघेही पोरगेच होते. 'क्निख्त' म्हणजे मुलगा, हरकाम्या. 'क्नाफा' म्हणजेही मुलगा. आपल्याकडे पोर आणि टपरीवरचा पोऱ्या यांच्यात जितकं अंतर, तितकंच यांच्यात. पुढे क्निख्त राजाच्या पदरी राहिला, घोड्यावर बसला, चिलखत चढवून मानकरी झाला. क्नाफा नोकरच राहिला, आणि मालकांच्या बोलण्यात नोकर आणि लुच्चा यांतला फरक पुसला गेला. मुंबईत 1877 साली भाषाशास्त्रावर विल्सन व्याख्यानं देणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर पुढे 'सर' झाले, म्हणजे रीतसर नाइट झाले. त्या शब्दाची हलकी सुरुवात त्यांच्यासारख्या पंडिताला नक्कीच ठाऊक असणार, असं मला उगाच वाटतं.

नेव्ह पत्त्यांतही होता. आपण ज्याला गुलाम म्हणतो, ते पान इंग्रजीत नेव्ह. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये गरीब घरचा पिप त्याला 'जॅक' म्हणतो म्हणून श्रीमंत घरातली एस्टेला नाक मुरडते. जॅक हा तेव्हा हलक्या लोकांचा शब्द. पण पानांच्या कोपऱ्यात अक्षरं छापायला लागले तेव्हा राजाचा 'के' आणि नेव्हचा 'के-एन' यांचा घोळ व्हायला लागला. जिंकला जॅक. बुद्धिबळात अडचण तीच, तोडगा निराळा. तिथे आपला घोडा म्हणजे नाइट, पण 'के' राजाने घेतलेला, म्हणून चाली लिहिताना घोड्यासाठी 'एन' लिहितात. राजासमोर 'के'ला इथेही गप्प बसावं लागलं.

निकर्सबद्दल एक सावधगिरीची सूचना. वॉशिंग्टन अर्व्हिंगने 1809 मध्ये डीड्रिक निकरबॉकर या डच धाटणीच्या खोट्या नावाने न्यूयॉर्कचा विनोदी इतिहास लिहिला. त्यावरून आधी तिथल्या जुन्या डच घराण्यांना, मग गुडघ्याशी आवळलेल्या विजारींना ते नाव चिकटलं. आपली 'निकर' त्याच वंशातली, पोरांची हाफ पँट. पण इंग्लंडमध्ये निकर्स म्हणजे बायकांची आतली चड्डी. लंडनच्या दुकानात नातवासाठी निकर मागू नये.

आता नो, म्हणजे जाणणे. वापरात चुका सर्वांत जास्त याच्याच. मराठीत आपण जाणण्याचे कप्पे करतो: गोष्ट 'माहीत' असते, माणसाला 'ओळखतो', आणि पोहायला 'येतं'. इंग्रजी तिन्ही एकाच शब्दात कोंबतं, पण रचना बदलून. 'आय नो स्विमिंग' म्हणण्यापेक्षा 'आय नो हाउ टु स्विम' म्हणावं. नुसतं नाव कानावर असेल तर 'नो ऑफ', तोंडओळख असेल तर 'नो बाय साइट'. आणि 'आय ॲम नोइंग' कधीच नाही, कारण माहीत असणं ही क्रिया चालू-बंद होत नाही. उच्चाराचं म्हणाल तर नो, पण नॉलेज, 'नोलेज' नव्हे.

हा नो आपल्या घरचा निघतो. संस्कृतात जिथे 'ज', लॅटिन-ग्रीकमध्ये 'ग', तिथे जर्मन कुळातल्या भाषांत 'क' येतो. याकोब ग्रिमने 1822 मध्ये व्यंजनांच्या ज्या सरकण्याचा नियम मांडला, त्यातला हा एक धागा. लॅटिनमध्ये गुडघा 'गेनू', इंग्रजीत नी, संस्कृतात 'जानु'. रामाला आपण आजानुबाहू म्हणतो, त्यातला गुडघा हाच. तसाच ग्रीकचा 'ग्नो', इंग्रजीचा नो आणि संस्कृतचा 'ज्ञा'. म्हणजे बाई जो 'क' गिळायला सांगत, तो आपल्या 'ज्ञ'मधल्या 'ज'चा भाऊ.

आणि स्पेलिंगवरून इंग्रजांना हसताना जरा जपून. 'ज्ञ' लिहितो ते ज आणि ञ जोडून, पण तसा उच्चार आपण करतो का? मराठी माणूस 'द्न्य' म्हणतो, हिंदीवाला 'ग्य', गुजराती 'ग्न'. म्हणून आळंदीचे ज्ञानेश्वर रोमन लिपीत 'डी-एन-वाय'ने सुरू होतात आणि उत्तरेतले ज्ञानचंद 'जी-वाय'ने. पाटी आणि घर इथेही जुळत नाहीत. आपण निदान घर पाडलं नाही, प्रत्येकाने आपापल्या परीने दुरुस्त करून घेतलं.

या कुळातले ग्रीक मार्गाने इंग्रजीत आलेले शब्द 'जी-एन' घेऊन आले: डायग्नोसिस म्हणजे लक्षणांवरून रोग जाणणं, प्रॉग्नोसिस म्हणजे त्याचं पुढे काय होईल ते. आधी स्वर असल्यामुळे तिथे 'ग' ऐकू येतो. टॉमस हक्स्लीने 1869 मध्ये ॲग्नॉस्टिक हा शब्द घडवला; देव आहे की नाही हे कळण्यापलीकडचं आहे, असं म्हणणारा. मराठीत आपण त्याला अज्ञेयवादी म्हणतो. तुकडे पाडून बघा. नकाराचा ॲ तोच आपला अ, आणि ग्नॉस तोच ज्ञे. भाषांतर करायला गेलो आणि मूळच हाती आलं.

'के'लाही एका ठिकाणी आवाज परत मिळतो. ॲक्नॉलेज, म्हणजे मान्य करणे, पोच देणे. पुढे 'ए' आला, मधे एक 'सी' येऊन बसला, आणि 'क'ला टेकायला जागा झाली. कार्यालयात पत्राची पोच मागताना तो तुम्ही रोज उच्चारता.

पुढच्या आठवड्यात 'डब्ल्यू-आर'. तिथेही पहिला गडी गप्पच आहे: मनगटाचा रिस्ट, पिळण्याचा रिंग, हिसडा मारण्याचा रेंच, गुंडाळण्याचा रॅप. तोवर ओला टॉवेल पिळताना आपलं मनगट कसं फिरतं, तेवढं बघून ठेवा.