रकान्यांची चाळणी



शाळेच्या जनरल रजिस्टरांत विद्यार्थ्याचें नांव, जन्मतारीख, जन्मस्थान, जात असे अनेक रकाने असतात. कोणी जन्मतारखेचा दाखला मागितला, तर आम्ही तेवढीच नोंद उतरवून देत असूं. सारें पान पुढें करीत नसूं. उलट, पत्ता बदलल्याचें कळवितांना पालकानें पत्रांत नवी जन्मतारीखहि लिहिली, तर पत्ता बदले, जन्मतारीख मात्र तशीच राही. आजचा विषय या दोन साध्या नियमांहून निराळा नाहीं. रजिस्टराच्या जागीं यंत्र आलें आहे, इतकेंच.

मोबाइलवरील अॅप दूरच्या संगणकाकडे कांहीं मागतें, तेव्हां ती मागणी आणि तिचें उत्तर हीं दोन्हीं रकान्यांच्या रूपानेंच ये-जा करितात. त्या संगणकास सर्व्हर म्हणतात, आणि या देवघेवीच्या सोयीस वेबसेवा. संग्रहांत एका मनुष्याविषयीं वीस रकाने असले, तरी त्यांतील कोणते बाहेर द्यावयाचे व कोणते बाहेरून स्वीकारावयाचे, हें ठरविणारी चाळणी सर्व्हरच्या दारांतच असावी लागते.

आमच्या जुन्नर-आंबेगांव भागांतील उदाहरण घेऊं. नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटो नेणाऱ्या शेतकऱ्यास सातबारा म्हणजे काय, हें सांगावयास नको. नमुना सातांत भोगवटादाराचें नांव, क्षेत्र व इतर हक्क. नमुना बारांत पिकें. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करूं लागला. म्हणजे एका कागदाचा एक भाग त्याच्या हातीं आला. मालकीचे रकाने मात्र फेरफाराची नोंद होऊन ती प्रमाणित झाल्यावांचून बदलत नाहींत.

आतां कल्पना करा, कीं पिकाच्या नोंदीसोबत कोणी लबाडानें भोगवटादाराचा रकानाहि भरून धाडला. अॅपच्या पडद्यावर तो रकानाच नाहीं, एवढ्यानें भागत नाहीं. जाणता मनुष्य पडदा टाळून मागणी स्वतः रचूं शकतो. आलेले सर्व रकाने सर्व्हरनें डोळे मिटून उतरवून घेतले, तर एका हंगामाच्या नोंदीबरोबर वडिलोपार्जित जमीन परक्याच्या नांवें लागेल!

ही भीति पोकळ नव्हे. प्रोग्रॅम लिहिणारे लोक जेथें आपलें काम ठेवितात, त्या गिटहब नांवाच्या संकेतस्थळावर मार्च २०१२ मध्यें एगोर होमाकोव या रशियन तरुणानें नेमकें हेंच करून दाखविलें. मागणींत एक जादा रकाना घालून त्यानें आपली किल्ली 'रेल्स' प्रकल्पाच्या खात्यास जोडली आणि तेथें लिहिण्याचा अधिकार मिळविला.

उत्तराची बाजूहि तितकीच नाजूक आहे. कित्येक सेवा सगळे रकाने धाडतात आणि दाखविण्याचे दोन निवडण्याचें काम अॅपवर सोडतात. पडद्यामागें उरलेले अठरा रकाने वाचणें जाणत्यास मुळींच अवघड नसतें. याउलट आधारची पडताळणी पाहा : नांव वा जन्मतारीख जुळते काय, असें विचारलें असतां उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच येतें, खरी तारीख विचारणाऱ्याच्या हातीं पडत नाहीं. संगणकाच्या सुरक्षिततेविषयीं काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेनें मागणीचा व उत्तराचा असे हे दोन्ही दोष २०२३ च्या आपल्या यादींत एकाच मथळ्याखालीं घातले, तें यथार्थच होय.

मग चाळणी कशी करावी? काय गाळावें याची यादी करूं नये. काय सोडावें याची करावी. कारण उद्यां संग्रहांत नवा रकाना वाढला, तर पहिल्या यादींत तो नसल्यामुळें आपोआप बाहेर जाईल. दुसरींत नसल्यामुळें आंतच राहील. शिवाय यादी माणसागणिक निराळी हवी : शेतकऱ्यास पिकाचा रकाना लिहितां यावा, शेजाऱ्यास तो केवळ वाचतां यावा.

मागणाऱ्यास जरूर तेवढेंच द्यावें, आणि ज्याचा जेवढा अधिकार तेवढेंच त्याच्याकडून घ्यावें. रजिस्टर सांभाळणाऱ्या कारकुनास हें पूर्वीपासून ठाऊक होतें. यंत्रास तें आपण होऊन उमगत नाहीं. तें त्यास शिकवावें लागतें.